मुनिबाच्या बागेतले तीन दगड

सहम, ओमान, ८ जानेवारी २०२५

माझी खाट गॅसच्या सिलिंडरांच्या खोपटात नेऊन टाकली आहे, वजीरा, आणि ती होती तिथे आता सिमेंटचा डॉल्फिन तोंड वर करून उभा आहे. त्याच्या तोंडातून पाणी उडायचं आहे. अजून उडालेलं नाही. पंप घुर्र करतो आणि बंद पडतो. तरी डॉल्फिन अंगणात, आणि माझी सुकायला घातलेली तारली गच्चीवर, कावळ्यांच्या मर्जीवर.

तर सलाम. गुडघे कसे आहेत ते कळव. तुझे कान गेल्यापासून फोनचा काही उपयोग नाही. मी ओरडले की तू सोडून सगळं सहम ऐकतं, सून तर पहिली. म्हणून हा कागद. तुमच्या दुकानाचा इरफान पिकअपमधून इकडे भांडी टाकायला येतो, त्याच्या हाती देते. मराठी शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या बाईला ह्या वयात लिहायला बसवलंस, अक्षराला नावं ठेवू नकोस.

ही सगळी आग तू लावलीस. तुझ्या दिराचा नातू ताबिश, त्याचं स्थळ आपल्या समरीनसाठी तूच सुचवलंस. चांगलं केलंस. पोरगी पंचवीस पुरी झाली, रमजानच्या आधी ठरलं तर मलाही हवंच आहे. पण तू सुनेकरवी जमालला फोनवरून काय निरोप दिलास? की ते लोक घरदार बघायला येतील. झालं. माझ्या लेकाच्या बायकोने त्यातलं दार तेवढं धरलं.

मुनिबाला मी वाईट म्हणत नाही. स्वयंपाक बरा करते. पण तिच्या मोबाइलवर एक बाई रोज दाखवते की घर बाहेरून कसं दिसलं पाहिजे, आणि त्या बाईचं ती माझ्यापेक्षा जास्त ऐकते. डॉल्फिन आला. मग प्लास्टिकचं गवत आलं. दुपारी ते इतकं तापतं की मी चपलेशिवाय पाय टाकला आणि तळव्याला फोड आला. फाटकावर कमान आली, तिच्यावर कापडी बोगनवेल. बाजूच्या भिंतीवरून खऱ्या बोगनवेलीची फांदी आत येत होती, ती कापली, कारण कचरा करते. मग एक मोठा माठ आणून आडवा पाडला आणि त्याच्यातून पांढरे खडे सांडून ठेवले. मी सवयीने ते खडे भरून माठ उभा केला. तर म्हणते, अम्मा, तो सांडलेलाच दाखवायचा असतो. मी म्हटलं, आयुष्यभर सांडलेलं भरायला शिकवलं मला, आता सांडायला शिकव.

आणि एक बुटका. लाल टोपीचा, दाढीवाला, हातात फावडं. वजीरा, मुसलमानाच्या दारात पुतळा. फरिश्ते आत कसे यायचे? मी जमालला सांगितलं. जमाल दुकानातून येतो, गाडी लावतो, मान खाली घालून आत येतो, त्याला दारात हत्ती बांधला तरी दिसायचा नाही. हो हो म्हणाला. मग मीच सुरी घेतली आणि बुटक्याचे डोळे खरवडून काढले, म्हणजे निदान पूर्ण पुतळा नाही राहिला. दुसऱ्या दिवशी मुनिबाने त्याला काळा चष्मा लावला.

समरीन ह्या सगळ्यात काही बोलत नाही. दवाखान्यात लोकांचं रक्त काढते, संध्याकाळी येते, आईचा बाजार बघते, वर जाते. ती गप्प असली की मला बरं वाटत नाही. तिच्या जिभेवर माझं पाणी आहे.

तर मला एवढंच कळव, ते लोक कधी येणार. म्हणजे त्यानंतर माझी खाट बाहेर निघेल.

तुझी बुबू,
अमीरुन्निसा

•

मत्रह, १५ जानेवारी २०२५

प्यारी बुबू,

सलाम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा हसून खोकला लागला. सुनेने विचारलं काय झालं, मी म्हटलं बहिणीचं पत्र आहे, तब्येतीचं लिहिलंय.

ते लोक २४ तारखेला, शुक्रवारी, जुम्म्याची नमाज करून निघतील. ताबिश, त्याची आई आणि वडील. मला यायचं होतं, पण एवढा वेळ गाडीत बसले तर उतरताना मला दोघांनी उचलावं लागेल, आणि पाहुणे सोडून सगळे माझ्यामागे लागतील. म्हणून येत नाही.

मुनिबाला थोडं करू दे. ताबिशच्या आईला टापटीप आवडते. मत्रहच्या आमच्या घरांना अंगण नाही, दार उघडलं की गल्ली. तिला बाग दिसली तर बरंच वाटेल. बाई स्वभावाने वाईट नाही, फक्त तिला घरात रमणारी सून हवी आहे. एकुलता मुलगा आहे, तिचं म्हणणं समजून घे.

मुलगा खरंच चांगला आहे. कुरुमला ऑफिसात आहे, आवाज चढवत नाही, आईवडिलांच्या शब्दाबाहेर नाही. मी त्याला लहानपणापासून बघते.

एक विनंती करते, रागावू नकोस. त्या दिवशी तू बोलशील ते थोडं मोजून बोल. आणि वासाचं म्हणशील तर तारली एक दिवस झाकून ठेव.

तुझी,
वजीरा

•

सहम, २७ जानेवारी २०२५

मोजून बोलायला माणसं आत तर यायला हवीत, वजीरा. तुझे लोक फाटकापर्यंत आले आणि फाटकातून परत गेले.

मी हे ऐकीव लिहीत नाही. पडद्याआडून मी स्वतः बघत होते. पांढरी गाडी थांबली. ताबिश स्टिअरिंगवर. बाप खाली उतरला, त्याने फाटक ढकललं, कमानीखाली आला, एक पाऊल, दोन पावलं, आणि उभा राहिला. मग ती बाई उतरली. नवऱ्याच्या मागून वाकून बघितलं, आणि तोंडावर ओढणी घेतली. नवऱ्याला काहीतरी म्हणाली. दोघं मागे फिरले. मुनिबा ट्रे घेऊन दारात पोहोचेपर्यंत गाडी वळली होती. जमाल सोहारला मिठाई आणायला गेला होता, तो डबा घेऊन आला तेव्हा रस्ता रिकामा. नंतर त्याच्या फोनवर निरोप आला की घरी अचानक काम निघालं, माफ करा. असं कुठलं काम असतं जे दुसऱ्याच्या फाटकात उभं राहिल्यावर निघतं?

मुनिबा जेवली नाही. चार दिवस खपली होती. आदल्या आठवड्यात तिने आणखी एक नवीन काढलं होतं, दगडांची बाग. तिच्या त्या मोबाइलवालीने दाखवलेली. फाटकातून शिरल्यावर उजव्या हाताला पांढऱ्या खड्यांचा लांबट वाफा केला, आणि गाडी पाठवून वाडीतून, इथे कोरड्या नदीला वाडी म्हणतात, मोठे दगड मागवले. ते आडवे, इकडेतिकडे ठेवायचे होते, जणू पावसाने वाहत आणले. पाहुणे यायच्या सकाळी ही स्वयंपाकघरात अडकली आणि नर्सरीच्या गजेंद्रने, तो आपल्या साताऱ्याकडचा माळी, दगड उभेच रोवले. तीन. एका ओळीत. मुनिबाने दुपारी बघितलं तेव्हा वेळ नव्हता. म्हणाली, राहू देत, उलट उठाव आलाय. आणि वाफ्याभोवती ते उन्हावर चालणारे दिवे खोचले.

मी खोटं नाही बोलणार, त्या सगळ्या पसाऱ्यात ते दगडच मला बरे वाटले. डोळे नाहीत, पाणी मागत नाहीत. कालच मशिदीकडे जाणारा शेजारचा एक म्हातारा ओमानी भिंतीशी थांबला, दगडांकडे बघितलं, आणि हात उचलून दुआ मागून गेला. मुनिबा तेवढ्यापुरती हसली. म्हणाली, बघा अम्मा, इथल्या लोकांना किंमत आहे.

मग तुझ्या लोकांना काय झालं? मला वाटतं, तो बुटका. धर्माची बाई असेल तर काळा चष्मा घातलेला पुतळा बघून कोणीही फिरेल. मुनिबा म्हणते माझ्या मासळीचा वास. मी तारली झाकली होती, तुझ्या शब्दाखातर, ओल्या गोणपाटाखाली, आणि ती निम्मी कुजली.

समरीनला विचारलं तर म्हणाली, गेले ते गेले. आणि ड्यूटीवर गेली.

पोरीचं नाव वाईट होतं असल्याने. सहममध्ये आपली माणसं थोडी, पण बोलायला पुरेशी. आधीच दुकानात कोणीतरी जमालला विचारलं, का परत गेले म्हणून. तू विचार त्यांना. आणि मला गोड करून सांगू नकोस.

अमीरुन्निसा

•

मत्रह, ५ फेब्रुवारी २०२५

प्यारी बुबू,

सलाम. इरफानला दोनदा रिकाम्या हाताने परत पाठवलं, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

मी त्यांच्याकडे जाऊन आले. मुलीबद्दल कोणाचं काही वाईट म्हणणं नाही. फोटो बघितला, शिक्षण ऐकलं, सगळं पसंत. ताबिशच्या आईचं फक्त असं म्हणणं की घराबद्दल थोडी चौकशी आधी व्हायला हवी होती. मी म्हटलं, घर माझ्या बहिणीचं आहे, चौकशी काय करायची. तर जाताना तिने मला दारात धरून काही विचारलं.

आता मी तुला विचारते, आणि तू हे पत्र फाडू नकोस. मागच्या वर्षभरात तुमच्या घरात कोणी बाई वारली का? कामाला असलेली, पाहुणी आलेली, कोणीही? आम्हाला कळवायचं राहून गेलं असेल.

आणि दुसरं. मला तर नीट आठवतं, निकाहला मी होते, पण तरी विचारते. मुनिबाच्या आधी जमालचं कुठे, इथे ओमानात आल्यावर, काही झालं होतं का? लग्नासारखं?

घरचे सगळे ठीक. हलवा पाठवते आहे, डबा परत दे.

तुझी,
वजीरा

•

सहम, ९ फेब्रुवारी २०२५

फाडलं नाही. चूल असती तर त्यात घातलं असतं, इथे सगळं गॅसवर.

तुझ्या डोक्याला काय झालंय? कान गेले तसं तेही जायला लागलं का? माझ्या जमालची पहिली बायको? तो वीस वर्षांचा इथे आला तेव्हा एका खोलीत सहा जण झोपायचे, त्यात बायको कुठे ठेवली असती, कॉटखाली? ह्याला मुनिबा मी शोधून दिली. त्याला शोधायला सांगितलं असतं तर अजून शोधत असता, मान खाली घालून.

आणि आमच्या घरात कोणी वारलं नाही. मरायचं वय माझं एकटीचं आहे आणि मी जिवंत आहे, हे पत्र कोण लिहितंय तुला वाटलं? कामाला बाई होती ती आपल्या पायांनी गेली, सलालाला, जास्त पगारावर. जाताना माझी सोडे ठेवायची बरणी घेऊन गेली. तिच्यासाठी मी एवढी दुआ नाही केली जेवढी तू तिच्या मौतीची चौकशी करतेस.

इथे काय चाललंय मला कळत नाही. शेजारची ओमानी पोरं रोज भिंतीवरून बॉल टाकायची, फाटक धडाधडा उघडून आत यायची, मी ओरडायची, ती हसायची. आता बॉल पडला की भिंतीपलीकडे गप्प होतात आणि निघून जातात. माझ्याकडे बॉलांचा ढीग झालाय. त्यांची आई परवा दारात दिसली, तर नुसती छातीवर हात ठेवून मान हलवली आणि आत गेली. मी काय केलं ह्यांचं? मुनिबाचं म्हणणं, लोक जळतात. बाग बघून.

ती रोज संध्याकाळी त्या दिव्यांजवळ खुर्ची टाकून बसते आणि रस्त्याकडे बघते. मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते, आणि दोन्ही एकदम आलेलं मला झेपत नाही. पोरीच्या लग्नासाठी म्हणून केलं, आणि लग्नच फाटकातून परत गेलं.

आता सरळ लिही. त्या बाईने दारात धरून तुला जे सांगितलं ते तसंच्या तसं. मधे साखर घातलीस तर मी स्वतः इरफानच्या पिकअपमध्ये पातेल्यांवर बसून मत्रहला येईन, आणि तुझ्या सुनेसमोर तुझ्या कानात ओरडेन.

डबा पाठवला आहे. हलव्यात तूप कमी होतं.

अमीरुन्निसा

•

मत्रह, १३ फेब्रुवारी २०२५

बुबू,

सरळ लिहिते.

त्यांनी तुमच्या अंगणात बाईची कबर बघितली. म्हणजे त्यांना ती तशी दिसली.

तू इथे येऊन थोडी वर्षं झाली, आणि कब्रस्तानात आपण बायका जात नाही, म्हणून तुला ठाऊक नसणार. ओमानात कबरीवर नाव लिहीत नाहीत, घुमट बांधत नाहीत. नुसते दगड उभे रोवतात. पुरुष असला तर दोन दगड. बाई असली तर तीन. इथे वाढलेल्या माणसाला ते वाचायला अक्षर लागत नाही. ताबिशची आई मत्रहलाच लहानाची मोठी झाली.

ती म्हणाली, फाटक उघडलं तर समोर माणूस आडवा मावेल एवढा पांढऱ्या खड्यांचा वाफा, त्यात तीन दगड उभे, भोवती दिवे लावलेले. तिला वाटलं, ह्यांनी घरातली कोणी बाई कब्रस्तानात न नेता दारातच पुरली आहे, आणि शेजारी बुटका बसवून सरबत प्यायला बोलावलं आहे. मग तिच्या डोक्यात पुढचं सुरू झालं. कोण असेल, लपवून का पुरली असेल, जमालची पहिली बायको तर नव्हे. मी शपथेवर सांगितलं तसं काही नाही. आता तिला अर्धं पटलं आहे. पण ती म्हणते, एवढी वर्षं इथे राहून ज्यांना हे कळत नाही त्या घरात मुलगी कशी वाढली असेल.

तो म्हातारा तुमच्या बागेला नाही, मयताला दुआ देऊन गेला, बुबू. आणि म्हणूनच पोरं बॉल घ्यायला येत नाहीत.

दगड काढून टाका. आजच. मी सांगते तिला की माळ्याची चूक झाली. अजून जमू शकेल, रमजानला थोडे दिवस आहेत.

तुझी,
वजीरा

•

सहम, १८ फेब्रुवारी २०२५

छोटी दादी,

सलाम. दादी समोर बसली आहे आणि म्हणते मराठीतच लिही. मला बोलायला येते, लिहायला प्रॉब्लेम होतो. स्पेलिंग चुकेल तर सॉरी.

माळ्याची चूक नाही. गजेंद्र अंकलना मी सांगितलं होतं, दगड असे उभे करा, तीन, एका लाइनमध्ये. त्यांनी विचारलं मॅडमनी सांगितलं का, मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

मला माहीत होतं तीन म्हणजे काय. माझी शाळेतली फ्रेंड होती, तिची आजी गेली तेव्हा तिने मला रस्त्यावरून दाखवलं होतं.

मला कोणाचा इन्सल्ट करायचा नव्हता. मला वाटलं ते आत येतील, विचारतील हे काय आहे, मग बोलणं सुरू होईल आणि मी पण बोलेन. ते आलेच नाहीत.

तुमचं नाव त्यांच्याकडे खराब झालं त्यासाठी माफ करा.

समरीन

•

सहम, १९ फेब्रुवारी २०२५

मयताची थट्टा केली म्हणून तिच्या पाठीत मी एक धपाटा घातला, हे तुझ्या माहितीसाठी आधी लिहिते. जोरात लागला, माझाच हात दुखतोय.

आता ऐक. तुझं पत्र वाचून मी बाहेर गेले आणि त्या दगडांसमोर उभी राहिले. रोज त्यांच्या बाजूने जाऊन मी बॉल उचलत होते. जमालला हाक मारली, म्हटलं तू ह्या ओमानी लोकांच्या मयतांना खांदा दिलास, दफनाला गेलास, तुला दिसलं नाही का हे? तो म्हणाला, दिसलं, अम्मा. वाटलं मुनिबाचं काहीतरी नवीन असेल. तिच्या बागेत मी विचारणं सोडून दिलंय. असा माझा मुलगा. तुझ्या लोकांना वाटतं ह्याने बायको मारून पुरली.

मग गजेंद्रला बोलावलं. त्याने छोट्या मॅडमचं नाव घेतलं. मग मी वर गेले. ती अंथरुणावर युनिफॉर्म घडी घालत बसली होती, आणि मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, कळलं का.

धपाटा त्यानंतरचा. त्यानंतर मी खाली बसले आणि म्हटलं, आता बोल.

वजीरा, तू मला लिहिलंस, त्या बाईला घरात रमणारी सून हवी. मी वाचलं आणि पुढे गेले, सगळ्याच सासवा असं म्हणतात. पण तिने मुनिबाला फोनवर स्वच्छ विचारलं होतं की मुलगी दवाखाना सोडेल ना, लग्नानंतर बाहेरच्या माणसांचे हात धरायला जाणार नाही ना. आणि मुनिबा हो म्हणाली. समरीन बाजूला उभी होती. हे तुला ठाऊक होतं. ठाऊक असल्याशिवाय तू ते वाक्य एवढं गुळगुळीत लिहिलं नसतंस. मला लिहिलं असतंस तर मी त्याच दिवशी फोडलं असतं, म्हणूनच लिहिलं नाहीस.

मी समरीनला विचारलं, तुझ्या तोंडाला काय झालं होतं, तेव्हाच बोलायचंस. तर म्हणाली, "बोलले, दादी. अम्मी म्हणाली, आधी येऊन तर जाऊ दे, आधी बाग बघू दे. मला वाटलं, ठीक आहे, मग बागेतूनच सांगते."

मी म्हटलं, कबर बांधून? असं कोणी सांगतं का?

"तुम्ही सगळे दुसरं काही बघतच नव्हता."

मीही महिनाभर खाटेचंच गाऱ्हाणं करत होते.

मग ताबिशचं निघालं. मला वाटलं होतं तिला तो पसंत नाही. तसं नाही. फोटोतला आवडला होता. वरच्या खिडकीतून ती बघत होती. आई मागे फिरली, बाप मागे फिरला, ते ठीक, म्हातारी माणसं. पण तो गाडीत बसून फाटकाकडे बघत होता, वर खिडकीकडेही बघितलं म्हणते, ही दिसलीही असेल. आणि बापाने हात केला तशी त्याने गाडी वळवली. काच खाली घेऊन काय झालं एवढंही विचारलं नाही. तू लिहिलंस ना, आईवडिलांच्या शब्दाबाहेर नाही. ते आम्ही इथून बघितलं.

दगड मी काढायला लावले. तुझ्या ताबिशच्या आईसाठी नाही. शेजारणीच्या दारात मी समरीनला घेऊन गेले आणि तिला तिच्या अरबीत सगळं सांगायला लावलं. शेजारीण आधी ऐकून घाबरली, मग रागावली, मग तोंडावर हात दाबून हसली. तिच्या पोरांनी बॉल नेले. मुनिबा अजून माझ्याशी बोलत नाही, पोरीशीही नाही. तिला वाटतं तिच्या मेहनतीवर आम्ही दोघींनी मिळून माती टाकली. मी तिला म्हटलं, तू वाईट हेतूने केलं नाहीस. त्यावर ती जास्तच रडली. आता दगडांच्या जागी सिमेंटची कॉफीची किटली बसवणार आहे, माणसाएवढी. बसवू दे. किटलीला डोळे नसतात.

तू आता त्यांच्याकडे जाऊन माळ्याची चूक म्हणून सांगणार होतीस. सांगू नकोस. पोरीने तुला तिच्या हाताने लिहून दिलंय, ती चिठ्ठी तशीच त्यांना दे. मग त्यांनी नको म्हटलं तर नको. सहममध्ये लोक बोलतील, चार महिने बोलतील, मग दुसरं कोणाचं तरी निघेल. तिचं नाव मी सांभाळीन, मला त्याची सवय आहे. पण ती दवाखाना सोडणार नाही, आणि सोडेल असं तिच्या वतीने आता कोणी बोलायचं नाही, मीसुद्धा नाही. ती रक्त काढते तेव्हा माणसाला कळत नाही सुई कधी गेली. मागच्या महिन्यात माझं काढलं. एवढ्या हलक्या हाताची पोरगी मी तुझ्या दिराच्या सुनेला भाकऱ्या भाजायला देणार नाही.

तर आता उत्तराचं. तू लिहायचं नाहीस, वजीरा. तुझं पत्र आलं तर मी न उघडता इरफानच्या हाती परत देईन. त्याच्या आईने लिहायचं नाही, बापाने जमालला फोन करायचा नाही. ताबिशने लिहायचं, स्वतः, समरीनच्या नावाने. गाडी वळवताना मनात काय होतं, आणि बायको सकाळी दवाखान्यात गेलेली त्याला चालेल की नाही, हे दोन. रमजानचा चांद दिसायच्या आत. पाकीट चिकटवलेलं हवं. मराठी येत नसेल तर इंग्रजीत लिहू दे, मला वाचायचं नाहीच आहे.

अमीरुन्निसा